मागमूस न उरणाऱ्या कामाला पुरस्कार

जुलैची रात्र, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेनऊला पहिला प्रश्न पडतो, 'उद्या शाळा आहे का?' दहा मिनिटांत एका उत्साही बाबांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र टाकलेलं असतं. अंगठे वर होतात, नाचणारे चेहरे येतात. मग कुणाचं तरी तारखेकडे लक्ष जातं, आणि पत्र मागच्या वर्षीचं निघतं. खरी सूचना येते ती सकाळी, निम्मी मुलं रेनकोट घालून रिक्षात बसल्यावर.

यातून दोन प्रश्न निघतात. पहिला सगळ्यांनाच पडतो, अफवा सूचनेच्या आधी कशी पोचते? दुसरा सहसा कुणी विचारत नाही. समजा एखाद्या गावात हा गोंधळ कधीच होत नाही. सूचना वेळेत निघते, सगळ्यांना मिळते, सगळ्यांना कळते. अशा गावात शाबासकी कुणाला द्यायची? तिथे तर काहीच घडलं नाही, आणि काहीच न घडलेली रात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांनी या दुसऱ्या प्रश्नाशी बरीच वर्षं झटापट केली आहे. तिथे शाळांच्या वतीने लोकांशी बोलायला पगारी माणसं असतात, १९३५ पासून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, आणि ही संघटना दरवर्षी त्यांच्यातल्या उत्तम काम करणाऱ्यांना पुरस्कार देते. पुरस्कारांच्या बातम्यांत मला फारसा रस नाही. पण न दिसणारं काम जोखायचं कसं, याची तिथे जी रीत बसली आहे, ती समजून घेण्यासारखी आहे.

शाळेला जनसंपर्क अधिकारी कशाला?

अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे करावर चालणारी, फी न घेणारी सरकारी शाळा. आपल्याकडे या नावाच्या पाट्या ज्या शाळांवर दिसतात, त्यांच्या नेमकी उलट. या शाळा वॉशिंग्टनहून चालवल्या जात नाहीत. देशभरात सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे एका गावाच्या किंवा परिसराच्या शाळांचा स्वतंत्र कारभार. बहुतेक ठिकाणी त्यावर लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं आणि मंडळाने नेमलेला सुपरिंटेंडंट रोजचा गाडा हाकतो. पैशाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. नवी इमारत बांधायची म्हटलं, की बहुतेक राज्यांत कर्जरोख्यांसाठी मतदारांकडे जावं लागतं. कॅलिफोर्नियात तर नुसतं बहुमतही पुरत नाही. २००० साली मंजूर झालेल्या 'प्रपोझिशन ३९' नंतर ५५ टक्के मतं पुरतात, आधी दोनतृतीयांश लागत.

जिल्हा परिषदेच्या शाळेचे पत्रे बदलायचे की नाही, यावर गावात मतपेट्या लागल्या तर काय होईल, याची कल्पना करून पाहा. मत देणाऱ्यांत असे कितीतरी असतील, ज्यांची नातवंडंसुद्धा शाळा सोडून गेली आहेत. त्यांनाही पटवून द्यावं लागेल.

ही गरज जुनीच. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव झालेले होरेस मान राज्यभर हिंडून सरकारी शाळांची बाजू मांडत. त्यांनी लिहिलेले १२ वार्षिक अहवाल आजही अभ्यासले जातात. आज असं काम करणाऱ्याला आपण जनसंपर्क अधिकारी म्हटलं असतं. १९२७ मध्ये आर्थर मोलमन यांचं 'पब्लिक स्कूल रिलेशन्स' हे पुस्तक आलं आणि हा अभ्यासाचा विषय झाला. मग महामंदी आली. शाळांच्या अंदाजपत्रकांना कात्री लागली, शिकागोत शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकले. लोकांचा विश्वास हीच शाळेची तिजोरी, हे त्या दिवसांत उघडं पडलं. त्याच काळात, १९३५ मध्ये, शिक्षकांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली शाळांच्या प्रसिद्धीचं काम करणारे एकत्र आले. त्यातूनच आजची 'नॅशनल स्कूल पब्लिक रिलेशन्स असोसिएशन' उभी राहिली.

या विश्वासाचा एक गमतीदार पुरावाही आहे. 'फाय डेल्टा कॅपा' ही शिक्षणक्षेत्रातली संस्था १९७४ पासून लोकांना विचारत आली आहे, की सरकारी शाळांना तुम्ही कोणती श्रेणी द्याल. उत्तराचा साचा फारसा बदलत नाही. आपल्या गावातल्या शाळांना लोक चांगली श्रेणी देतात, देशभरातल्या शाळांना मात्र फार खालची. २०२२ मध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी गावच्या शाळांना 'ए' किंवा 'बी' दिलं, देशातल्या शाळांना तेवढी श्रेणी देणारे एकचतुर्थांशही नव्हते. पण देशातल्या शाळा म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या गावातल्याच शाळा! गावची शाळा माणसाला मुलांकडून, शिक्षकांकडून, शाळेच्या पत्रांतून कळते, बाकीच्या शाळा बातम्यांतून. माहिती कुठल्या वाटेने आली, यावर मत कसं झुकतं ते इथे लख्ख दिसतं.

अफवेचं गणित

आता पहिला प्रश्न. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एक साधं सूत्र मांडलं. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो, विषय माणसाला किती महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दलची माहिती किती धूसर आहे. बेरीज नाही, गुणाकार, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक शून्य झालं तर उत्तरही शून्य.

मुलाच्या शाळेचा विषय आईबापांना बिनमहत्त्वाचा कधीच होणार नाही. तो आकडा कायम मोठाच. हातात राहतो तो दुसरा आकडा, धूसरपणा. साडेनऊला शाळेने एवढंच कळवलं असतं, की 'निर्णय अजून झालेला नाही, सकाळी साडेपाचला याच ग्रुपवर कळवू', तर मागच्या वर्षीच्या पत्राला गिऱ्हाईक मिळालं नसतं. 'अजून माहीत नाही' हीसुद्धा माहिती असते. बऱ्याच कार्यालयांना हे पटत नाही. सगळं ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी त्यांची शिस्त असते, आणि अफवा त्याच शिस्तीवर पोसते.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याची दुसरी बाजू ओळखीची असेल. बर्फ पडणार असलं की अशा भागांत सुपरिंटेंडंटचे लोक पहाटे चारच्या सुमारास रस्ते पाहायला बाहेर पडतात. निर्णय झाला की फोन, मेसेज, ईमेल, संकेतस्थळ आणि स्थानिक टीव्ही या सगळ्यांवर एकच मजकूर जातो. शब्दसुद्धा तेच ठेवायचे, कारण दोन ठिकाणी दोन वाक्यं दिसली की लोक त्यांतला फरक शोधत बसतात. पुण्याहून लेकीकडे आलेल्या आजी-आजोबांना पहाटेच्या त्या फोनचं कौतुक वाटतं. तो मजकूर कुणी लिहिला, हे मात्र घरात कुणालाच माहीत नसतं.

बोलायचं, पण किती

बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये हे सगळं काम एकच माणूस करतो. डोक्यातल्या उवांपासून बसच्या बदललेल्या मार्गापर्यंत, फुटलेल्या जलवाहिनीपासून एखाद्या शिक्षकाच्या अटकेपर्यंत सगळं त्याच्याच टेबलावर येतं. शिवाय त्याचे हात दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थ्याची शालेय नोंद गुप्त ठेवावी लागते. म्हणजे एखाद्या मुलावर कारवाई झाली आणि त्याचे पालक वाहिनीवर जाऊन वाटेल ते बोलले, तरी शाळेला त्या मुलाबद्दल अवाक्षर काढता येत नाही. 'आम्ही यावर भाष्य करू शकत नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला नेहमी लपवाछपवीचं वाटतं, आणि ते बोलणाऱ्याला निमूट सोसावं लागतं.

दुसरी दोरी पैशाची. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये 'स्टॅन्सन विरुद्ध मॉट' या खटल्यात दंडक घालून दिला, की सरकारी पैशातून मतदारांना निःपक्ष माहिती देता येईल, प्रचार करता येणार नाही. खटला उद्यानांसाठीच्या कर्जरोख्यांचा होता, पण शाळांनाही तो लागू पडतो. त्यामुळे शाळेच्या पत्रकात 'या रोख्यांतून सहा वर्गखोल्या बांधल्या जातील आणि घरपट्टी एवढी वाढेल' असं लिहिता येतं, 'होय म्हणा' असं नाही. यातला दुसरा आकडा लिहायला खरा धीर लागतो.

तिसरी गोष्ट भाषेची. ज्या पालकांना इंग्रजी नीट येत नाही, त्यांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं हे शाळांवर केंद्रीय नागरी हक्क कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या शहरांत एकेक सूचना पाच-सहा भाषांत काढावी लागते.

आता कल्पना करा, या सगळ्यातून वाट काढणाऱ्यांपैकी 'सर्वोत्कृष्ट' कोण, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

टेलपर्यंत पाणी

हे ठरवणं अवघड का, ते कालव्यावरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. धरणातून किती पाणी सोडलं, याची नोंद असते. गेट किती दिवस उघडं होतं, हेही लिहिलेलं असतं. पण शेवटच्या चारीवरच्या, टेलच्या शेतकऱ्याचा ऊस भिजला का, हे त्या वहीत नसतं. त्यासाठी पाटकऱ्याला बांधाबांधाने चालत जावं लागतं. संवादाच्या कामात वर्षानुवर्षं वही पाहूनच शाबासकी दिली गेली. किती पत्रकं काढली, किती बातम्या छापून आणल्या, आणि आताच्या काळात किती लाइक मिळाले.

याचा सगळ्यात विनोदी नमुना म्हणजे कात्रणं मोजायची पद्धत. वर्तमानपत्रात बातमी किती सेंटीमीटर आली ते पट्टीने मोजायचं, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर लावायचा आणि 'आम्ही इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळवली' असं साहेबांना सांगायचं. २०१० मध्ये बार्सिलोनात जगभरातल्या संवाद-मापनाच्या जाणकारांनी काही तत्त्वं ठरवली, आणि हा आकडा म्हणजे संवादाचं मोल नव्हे, हे त्यांत स्वच्छ लिहिलं. तरी कात्रणांच्या फायली काही कमी झाल्या नाहीत.

शाळांच्या राष्ट्रीय संघटनेचा 'गोल्ड मेडॅलियन' हा पुरस्कार एखाद्या संपूर्ण संवाद-मोहिमेला मिळतो. अर्जात चार टप्पे दाखवावे लागतात, शोध, आखणी, अंमल आणि मूल्यमापन. या व्यवसायातल्या प्रमाणपत्र परीक्षेचाही हाच पाया आहे. जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्येच अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या, नावं थोडी वेगळी. ऐकायला हे सरकारी योजनेच्या पुस्तिकेसारखं कोरडं वाटतं. पण पहिला आणि चौथा टप्पा प्रामाणिकपणे केले, तर सगळं काम बदलून जातं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका डिस्ट्रिक्टमध्ये बालवर्गाचे निम्मे अर्ज मेअखेर येतात, उरलेले ऐन ऑगस्टमध्ये. वर्ग किती काढायचे, शिक्षक किती नेमायचे, काहीच वेळेत ठरत नाही. सरधोपट उपाय म्हणजे आणखी मोठा फलक, आणखी चकचकीत व्हिडिओ. शोध घेणारा अधिकारी मात्र मागच्या वर्षी उशिरा आलेल्या चाळीस-पन्नास पालकांना फोन करतो. त्याला कळतं, की तारीख बहुतेकांना माहीत होती. अडलं होतं ते लसीकरणाच्या दाखल्यावर आणि राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर. आता मोठ्या फलकाचा काय उपयोग? तो आरोग्य खात्याशी बोलतो, शनिवारी सार्वजनिक वाचनालयात टेबल मांडतो, तिथेच दाखला आणि तिथेच अर्ज. उद्दिष्ट आधीच लिहून ठेवलेलं असतं, 'मेअखेर निम्म्यांऐवजी तीनचतुर्थांश अर्ज'. जून उजाडला की मोजायचं. आकडा गाठला नसेल तर तेही लिहायचं.

या मोहिमेत पोस्टर जवळजवळ नाहीच. जुन्या पद्धतीच्या परीक्षकाला दाखवण्यासारखं त्यात काही नाही, आणि काम म्हणून ते पहिल्या दर्जाचं आहे.

फिलाडेल्फियाची पत्रं

पण आकडा सुधारला तो आपल्यामुळेच, हे कशावरून? त्या वर्षी दवाखान्याच्या वेळा वाढल्या असतील, नाहीतर गावात नवी कुटुंबं आली असतील. या शंकेला उत्तर देण्याचा एक उत्तम प्रयोग फिलाडेल्फियात झाला. टॉड रॉजर्स आणि अवी फेलर या संशोधकांचा तो निबंध २०१८ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आला.

विषय होता मुलांच्या गैरहजेरीचा. अमेरिकेत शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणाऱ्या मुलाला सततचा गैरहजर म्हणतात. १८० दिवसांचं वर्ष धरलं तर १८ दिवस. पालकांना विचारलं तर आपल्या मुलाचे किती दिवस बुडतात, याचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी निघतो. यात खोटेपणा नसतो. महिन्याला दोन दिवस कुणाच्या डोळ्यांत येतात? वर्षाची बेरीज कुणी करत नाही, एवढंच.

संशोधकांनी २८,०८० घरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत वाटणी केली. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्याला हजेरीचं महत्त्व सांगणारं पत्र. तिसऱ्याच्या पत्रात तुमचं मूल आजवर एकूण किती दिवस गैरहजर राहिलं, तो आकडा. चौथ्याच्या पत्रात तो आकडा आणि शिवाय वर्गातल्या इतर मुलांशी तुलना. वाटणी योगायोगाने झालेली असल्याने दवाखान्याच्या वेळा, नवी कुटुंबं, फ्लूची साथ, सगळं चारही गटांत सारखंच पडणार. उरलेला फरक पत्राचा.

आकडा सांगणाऱ्या पत्रांनी सततच्या गैरहजेरीचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटवलं. नुसत्या उपदेशाच्या पत्राचा परिणाम त्याहून कमी. आणि वर्गातल्या मुलांशी केलेल्या तुलनेने जास्तीचं काहीच साधलं नाही. आपल्याकडे 'शर्माजींच्या मुलाला बघ' हे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या परजत आलेल्यांसाठी ही तळटीप. आणखी एक गोष्ट, ज्या मुलाबद्दल पत्र आलं त्याच्या घरातल्या भावंडांची हजेरीही सुधारली. जास्तीच्या एका हजर दिवसामागे खर्च आला सुमारे सहा डॉलर.

प्रत्येक डिस्ट्रिक्टला असा प्रयोग जमणार नाही. पण ज्यांनी अर्ज वाचायचे, त्यांच्या डोक्यात मोजमापाचा हा नमुना असावा. 'मोहीम केली आणि हजेरी वाढली' हे वाक्य आणि 'ज्यांना पत्र गेलं त्यांची हजेरी, पत्र न गेलेल्यांपेक्षा वाढली' हे वाक्य, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चौकट : अर्जातल्या वाक्याला उलटा प्रश्न

'आम्ही ३०० पोस्ट टाकल्या.' वाचून कुणी काय वेगळं केलं?

'लोकांना मोहीम आवडली.' कुठल्या लोकांना विचारलं? जे भेटले त्यांना, की जे कधीच येत नाहीत त्यांनाही?

'जागरूकता वाढवणं हे उद्दिष्ट होतं.' किती होती, किती करायची होती, आणि हे मोहिमेच्या आधी लिहिलं होतं की नंतर?

'शंभर टक्के यश.' मग अडलं कुठे, ते पान कुठे आहे?

पहिला तास

मोजमापाची ही सगळी रीत सावकाशीच्या कामासाठी ठीक आहे. या व्यवसायाची खरी कसोटी मात्र तासाभरात उरकते, आणि तिचा अर्ज करता येत नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने संकटकाळातल्या संवादासाठी केलेल्या मार्गदर्शिकेची सुरुवात तीन आज्ञांनी होते. पहिले व्हा, बरोबर असा, विश्वासार्ह असा. यातल्या पहिल्या दोन आज्ञा एकमेकींच्या वैरिणी आहेत. लवकर बोलावं तर चुकायची भीती, खात्री करावी तर उशीर. त्यातून निघायची वाट म्हणजे माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं वेगळं करून सांगणं. चांगला पहिला संदेश साधारण असा असतो: 'सकाळी १०:४० ला शाळेबाहेर पोलिस कारवाई सुरू झाल्याचं कळलं. सर्व वर्गांची दारं बंद केली आहेत. कुणाला इजा झाली आहे का, याची खात्री अजून झालेली नाही. कृपया शाळेकडे येऊ नका, रस्ता रुग्णवाहिकांसाठी मोकळा हवा आहे. पुढची माहिती ११:१० ला देऊ, नवं काही नसलं तरी.' शेवटचे चार शब्द म्हणजे ऑलपोर्ट-पोस्टमनच्या सूत्राचा थेट वापर. अर्ध्या तासाचा धूसरपणा त्यांनी कापून टाकला.

उलटा अनुभव टेक्ससमधल्या युवाल्डीचा. २४ मे २०२२ रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत बंदूकधारी शिरला सकाळी ११:३३ ला. साधारण दहा मिनिटांनी डिस्ट्रिक्टच्या फेसबुक पानावर सूचना आली. परिसरात गोळीबार झाल्याने शाळा बंद केली आहे, विद्यार्थी आणि कर्मचारी इमारतीत सुरक्षित आहेत, असा तिचा आशय होता. त्या दिवशी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पोलिसांनी तत्परतेने सामना केला, असं सुरुवातीला जे अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेही काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. पोलिस वर्गात शिरायला ७७ मिनिटं गेली होती. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये या घटनेचा जो अहवाल दिला, त्यात पालकांना आणि जनतेला मिळालेल्या चुकीच्या, परस्परविरोधी माहितीवरही कडक टीका आहे.

'सुरक्षित आहेत' हे शब्द धीर देण्यासाठीच लिहिले गेले असणार. पण खात्री नसताना दिलेला धीर नंतर दुप्पट घाव घालतो. 'याची खात्री अजून झालेली नाही' हे वाक्य पालकाला भयंकर वाटतं, तरी ते त्याची फसवणूक करत नाही. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच, सगळे 'काहीतरी बरं लिही' म्हणत असताना ते न लिहिणं. आणि जी ओळ लिहिलीच गेली नाही, ती कुठल्या परीक्षकाला दाखवणार?

कामाला की माणसाला?

संघटनेचे पुरस्कार अनेक आहेत. 'गोल्ड मेडॅलियन' मोठ्या मोहिमेला, 'गोल्डन अचीव्हमेंट' एखाद्या आटोपशीर कामाला, वार्तापत्रं आणि व्हिडिओ यांना वेगळे, तरुणांसाठी पस्तिशीच्या आतल्या पस्तीस जणांची यादी, आणि दीर्घ सेवेत व्यवसायाची मान उंचावणाऱ्या माणसाला 'प्रेसिडेंट्स अवॉर्ड'. टेक्सस, नॉर्थ कॅरोलायना, कॅलिफोर्निया अशा राज्यांच्या शाखाही आपापले पुरस्कार देतात. परीक्षक बहुधा याच व्यवसायातले. समारंभ, फलक, छायाचित्रं, सगळीकडे असतं तसं.

यात एक मूळचीच अडचण आहे. अर्ज ज्यांनी लिहायचा, ती माणसं लिहिण्यातच तरबेज. साधी मोहीम मोठी करून दाखवणं हे त्यांच्या पोटापाण्याचं कौशल्य. शिवाय अर्ज भरायला फुरसत लागते. पाच-सात जणांचा विभाग असलेल्या श्रीमंत डिस्ट्रिक्टला ती असते, पहाटे चारला उठून बर्फ पाहणाऱ्या एकट्या माणसाला नसते. चार टप्प्यांच्या सक्तीने पहिला दोष कमी होतो, कारण आकडा विचारला की शब्दांचा फुगा बसतो. दुसऱ्या दोषावर मात्र त्या सक्तीचा उलटाच परिणाम होतो, कागदपत्रं आणखी वाढतात.

करदात्यांचा आक्षेप आणखी थेट आहे. या माणसाच्या पगारात एक शिक्षक आला असता की! आक्षेप चुकीचा नाही. जो अधिकारी फक्त मंडळाच्या अध्यक्षांचे फोटो छापून आणतो, त्याच्या जागी शिक्षक नेमलेलाच बरा. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. नुसता गाजावाजा, एकेरी माहिती, लोकांना जोखून त्यांना वळवणं, आणि चौथा, लोकांचं ऐकून संस्थेनेही स्वतःला बदलणं. बालवर्गाच्या उदाहरणातल्या अधिकाऱ्याने पालकांना बदललं नाही, अर्जाची पद्धत बदलली. पगार वसूल होतो तो इथे. पण चौथ्या प्रकारात श्रेय वाटलं जातं. पद्धत सुपरिंटेंडंटने बदलली, ठराव मंडळाने केला, टेबल वाचनालयाने दिलं. फोन कुणी केले, ते इतिवृत्तात येत नाही.

शिक्षकाच्या कामाला निदान चेहरा असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड जगाला दाखवता आले. पडद्यामागे राहणाऱ्यांच्या बाबतीत परीक्षकाला दुसरीकडे जाऊन चौकशी करावी लागते. परीक्षकांनी वरिष्ठांची शिफारसपत्रं बाजूला ठेवावीत, असं मला वाटतं. शाळेच्या दारातल्या खोलीत फोन उचलणारी एक सेक्रेटरी असते. संकटाच्या सकाळी दोनशे घाबरलेले पालक पहिल्यांदा तिच्याशीच बोलतात. तिला विचारावं, काय बोलायचं आणि काय नाही, याचा कागद त्या दिवशी तुझ्या टेबलावर आला होता का, आणि आला असेल तर किती वाजता.